थुंकीची नळी, ५२ पानांचा रिपोर्ट आणि माझ्या भाच्याची साखर

माझ्या भाच्याने मार्चमध्ये सवलतीत ६,४९९ रुपये भरून घरी येणारं डीएनए तपासणीचं किट मागवलं. टाइप टू मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, किडनी अशा वीसेक दीर्घ आजारांचा 'जनुकीय धोका' सांगणारं. मी पुण्यातल्या वेगवेगळ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये २९ वर्षं टेक्निशियन होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यामुळे खोका उघडायला तो हिंजवडीहून थेट माझ्याकडे कर्वेनगरला आला. आता सप्टेंबर आहे. मधल्या सहा महिन्यांत आमच्या घरात जे झालं ते बघून मी या सेवेला पाचपैकी दोन तारे देतेय. सविस्तर लिहायचं कारण असं की आमच्या सोसायटीतल्या आणखी तिघांनी हेच किट मागवायचं ठरवलंय आणि तिघांनीही मला विचारलंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये. जे विकलं जातंय ते काय आहे हे कळून विकत घ्यावं, एवढंच मला वाटतं.

आधी चांगलं ते सांगते. किटची बांधणी उत्तम होती. नळी, तिच्यावर नरसाळ्यासारखं तोंड, बारकोडची स्टिकरं, परत पाठवायची पिशवी आणि मराठीतलं सूचनापत्रसुद्धा. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, म्हणून मी चहाचं आधण उतरवून ठेवलं. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस धरायचा नाही. भाचा पंधरा मिनिटं नळी तोंडाशी धरून बसला होता, निम्म्यावरही पोचेना. शेवटी मी त्याच्यासमोर ताटलीत कैरी चिरली, वर तिखट-मीठ भुरभुरलं आणि म्हटलं, खायची नाही, नुसती बघ. पाच मिनिटांत रेघ गाठली. मग झाकण लावलं की त्यातलं औषध खाली उतरतं, नळी दहा-बारा वेळा हलवायची आणि काम झालं. रक्त नको, सुई नको. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरिअरवाला वेळेवर आला.

मग फोनवर फॉर्म. वय २७, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६७ किलो. त्यापुढे 'एथ्निसिटी', म्हणजे तुम्ही कोणत्या वंशगटातले. यादीतून त्याने 'साउथ एशियन' निवडलं. त्याखाली समाज किंवा जात, ऐच्छिक. तीही त्याने भरली. त्याखाली एक ओळ, आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे का, हो किंवा नाही. त्याने 'हो' केलं. अगदी शेवटी, तुमचा डेटा संशोधनासाठी इतरांना देण्यास संमती आहे, या चौकोनात आधीच खूण केलेली होती. ती मी काढायला लावली. कुणाला संशोधनाला मदत करायची असेल तर जरूर करावी, पण ती खूण माणसाने स्वतःच्या हाताने करायची असते. आमच्या लॅबमध्ये एखाद्या अभ्यासासाठी एक जादा ट्यूब रक्त घ्यायचं असलं तरी आम्ही आधी समजावून सांगायचो आणि मग सही घ्यायचो.

पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. ५२ पानं, रंगीत. मधुमेहाच्या पानावर हिरवं वर्तुळ आणि मजकूर, 'सरासरीपेक्षा कमी धोका'. संध्याकाळी भाच्याचा फोन, "आत्या, वाचलो! बाबांचं माझ्यात आलेलंच नाहीये."

त्याचा हा आनंद मला कळत होता. माझा भाऊ ३७व्या वर्षी मधुमेही झाला. काटक अंगाचा माणूस, आयुष्यात कधी सुटलेला नाही. आता ५२ वर्षांचा आहे, सात वर्षं इन्शुलिन घेतोय. लहानपणापासून भाच्याने घरात ग्लुकोमीटर आणि वेळा पाळून जेवणारा बाप बघितलाय. त्याला ते हिरवं वर्तुळ म्हणजे सुटका वाटली. पण पुढच्याच आठवड्यात तो सहज बोलून गेला की ऑफिसची वार्षिक तपासणी यंदा त्याने सोडून दिली, साखर वगैरे आता कशाला करायची. तेव्हा मात्र मी जागेवरून उठले.

मे महिन्यात एका रविवारी त्याला उपाशीपोटी माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या लॅबमध्ये घेऊन गेले. शीर मीच धरली. करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये साखरेसाठी, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये एचबीए१सीसाठी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी. उपाशीपोटी साखर १०९. एचबीए१सी ६.१. ज्यांना हे आकडे रोजचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते, साखर १०० पर्यंत आणि एचबीए१सी ५.७ च्या खाली हवं. त्यापुढे मधुमेहाचा उंबरठा. भाचा त्या उंबरठ्यावर उभा होता आणि त्याच्या हातात हिरवं वर्तुळ होतं.

घरी येऊन शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि बेंबीच्या वर, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घेतलं. ९२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत हवं. वजन-उंचीचा आकडा, म्हणजे बीएमआय काढला, २२.६. 'नॉर्मल'. शर्ट घातला की तो बारीकच दिसतो.

पुण्यात लॅबमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे चित्र नवीन नाही. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. दोघांचा बीएमआय हुबेहूब सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त. माझ्या डायनिंग टेबलापाशी टेप धरून उभी असताना मला तोच फोटो आठवत होता.

मग रिपोर्ट चुकला का? मी तो रिपोर्ट तीनदा वाचला, आणि ४१व्या पानावर तळाला बारीक अक्षरात उत्तर सापडलं. हा धोका ज्या अभ्यासांवरून काढलाय ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. हे वाक्य पहिल्या पानावर, त्या वर्तुळाला लागून असायला हवं होतं.

यातलं गणित मला जेवढं कळलं तेवढं सांगते. मधुमेहाचं एक असं जनुक नसतं. शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. हजारो-लाखो लोक तपासून मधुमेह असलेल्यांत कोणते फरक जास्त सापडतात ते बघतात, प्रत्येकाला वजन देतात आणि तुमची बेरीज करतात. गोची अशी की सापडलेला फरक हा बहुतेक वेळा खऱ्या दोषी जागेचा पत्ता नसतो, जवळची खूण असते. आपण पेठेत पत्ता सांगतो तसं, मारुतीच्या देवळासमोर, दुसरा जिना. पुण्यात त्या खुणेने माणूस बरोबर दारात पोचतो. तीच खूण घेऊन तो साताऱ्यात गेला तर मारुतीचं देऊळ तिथेही सापडेल, पण समोर जिना नसेल. युरोपातल्या लोकांच्या जनुकांत जी खूण दोषी जागेला चिकटून असते, ती आपल्यात तितकी चिकटून असेलच असं नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचे वाटे वेगळे पडलेले असतात.

आणि खुणा शोधल्या कुणात, तर २०१९ मधल्या एका मोजणीनुसार जगभरच्या अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी तपासलं की युरोपीयांवरून बनवलेल्या या बेरजा इतरांना किती लागू पडतात. दक्षिण आशियाई लोकांत अचूकता सुमारे ३७ टक्क्यांनी घसरली, पूर्व आशियाईंत ५० टक्क्यांनी, आफ्रिकी वंशाच्या लोकांत ७८ टक्क्यांनी. देशात २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे १० कोटी १० लाख मधुमेही, आणि आपल्याला मोजायची पट्टी दुसऱ्याची.

एका बाजूनेच बोलायचं नाही म्हणून हेही सांगते. टीसीएफ७एल२ नावाचं जनुक मधुमेहाशी जोडलेलं आहे हे २००६ मध्ये आइसलँडमधल्या संशोधकांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि पुण्याच्या के.ई.एम.च्या मंडळींनी आपल्या रुग्णांत तपासलं तर इथेही तेच दिसलं. म्हणजे गोऱ्यांचा मधुमेह वेगळा आणि आपला मधुमेह वेगळ्या मातीचा, असं नाहीये. बरंचसं सामायिक आहे. इथे तपासून बघितल्याशिवाय किती सामायिक आणि किती नाही ते कळत नाही, आणि ते तपासण्याचं काम या कंपनीने केलेलं नाही. 'साउथ एशियन' हे उत्तर भाच्याने भरलं, पण मधुमेहाच्या आकड्यात त्याने काही फरक पडला नाही. हे मला त्यांच्याच समुपदेशक मुलीने सांगितलं.

त्या मुलीबद्दल लिहिलंच पाहिजे. रिपोर्टबरोबर वीस मिनिटांचा फोन फुकट मिळतो. भाचा तो घेणारच नव्हता, मी घ्यायला लावला आणि शेजारी बसले. मी सरळ विचारलं, फॉर्ममध्ये त्याने वडिलांना मधुमेह आहे असं लिहिलंय, ते या हिरव्या वर्तुळात धरलंय का? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही मॅडम, ती माहिती स्कोअरमध्ये जात नाही. खरं सांगू का, वडिलांना चाळिशीच्या आत झालाय, तर तुम्ही स्कोअर बाजूला ठेवा आणि दरवर्षी साखर तपासा." दोन तारे दिलेत त्यातला एक पूर्णपणे तिचा.

वंश हा चौकोन भरायला लावायचा आणि त्यातून उत्तर काढायचं, यात काय धोका असतो ते मी एकदा अगदी जवळून बघितलंय. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात शिकायला आलेला इथिओपियाचा एक मुलगा, वय २४, किडनीच्या तपासणीला आमच्या लॅबमध्ये आला. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.५. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये किडनी किती काम करते याचा आकडा आपोआप निघायचा आणि खाली एक टीप छापून यायची, रुग्ण आफ्रिकन-अमेरिकन असल्यास १.२१ ने गुणावे. त्याचा आकडा आला ५७. गुणलं तर ६९. ६० च्या खाली म्हणजे किडनीचं दुखणं असू शकतं, लक्ष द्यायला हवं. ६९ म्हणजे घरी जा. एकच माणूस, एकच रक्त, एकच मशीन, आणि त्याचं दुखणं त्याच्या कातडीच्या रंगावरून आम्ही ठरवायचं होतं. मी त्याला टीप दाखवली. तो म्हणाला, मी तर अमेरिका पाहिलेलीसुद्धा नाही. आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी न गुणलेला आकडा रिपोर्टवर ठेवला आणि महिन्याने परत बोलावलं.

तो गुणाकार कुठून आला ते मी नंतर वाचलं. १९९९ च्या एका अमेरिकन सूत्रातून. काळ्या लोकांत क्रिएटिनिन जास्त दिसतं, म्हणून त्यांचे स्नायू जास्त असणार अशी समजूत होती. त्या गुणाकाराने काळ्या रुग्णांची किडनी कागदावर बरी दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये तिथल्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी वंश काढून टाकलेलं नवं सूत्र स्वीकारलं. बावीस वर्षं लागली.

आणि याच किडनीच्या बाबतीत जनुकशास्त्राने खरं काम काय केलं तेही बघा. २०१० मध्ये अपोएल१ नावाच्या जनुकातले दोन बदल सापडले. एक प्रत अंगात असेल तर आफ्रिकेतल्या 'झोपेच्या आजारा'च्या परजीवीपासून संरक्षण मिळतं, पण आई आणि बाप दोघांकडूनही आले तर किडनीचा धोका बराच वाढतो. पश्चिम आफ्रिकेत हे बदल भरपूर आहेत, तिथून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या अमेरिकेतल्या वंशजांतही. या वंशजांपैकी सुमारे १३ टक्क्यांकडे दोन्ही प्रती आहेत. पण इथिओपियातल्या लोकांत जवळपास नाहीत. म्हणजे 'काळा' या चौकोनात आमच्या त्या मुलाला टाकून काही कळलं नसतं. जनुक तपासलं तर कळतं. वंशाचा चौकोन हा जनुक न तपासता केलेला अंदाज असतो. अंदाजाची एरवी गरज पडते हे मला मान्य आहे, पण ज्या सेवेने आधीच जनुकं तपासली आहेत तिने परत चौकोन कशाला विचारावा?

उलट सगळ्या प्रकारची माणसं अभ्यासात घेतली की फायदा सगळ्यांचा होतो. पीसीएसके९ जनुकातल्या बिघाडाने वाईट कोलेस्टेरॉल जन्मभर कमी राहतं हे अमेरिकेत डॅलसमधल्या अभ्यासात दिसलं, कारण त्यात काळे लोक मोठ्या संख्येने होते आणि तो बिघाड त्यांच्यात शंभरात दोघांकडे सापडला. अशा लोकांचं वाईट कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्के कमी आणि हृदयविकार ८८ टक्के कमी, असं २००६ मध्ये छापून आलं. त्यावरून बनलेली इंजेक्शनं २०१५ मध्ये बाजारात आली. माझ्या भावाचं कोलेस्टेरॉल गोळ्यांना दाद देईना तेव्हा डॉक्टरांनी त्यातल्याच एकाचं नाव घेतलं.

आता भावाबद्दल, कारण सगळ्यात जास्त मला हेच सांगायचंय.

आमचं गाव शिरूर तालुक्यात. भाऊ जन्मला फेब्रुवारी १९७३ मध्ये. ज्यांच्या घरात जुनी माणसं आहेत त्यांना ७२ च्या दुष्काळाबद्दल वेगळं सांगायला नको. आई पोटुशी होती आणि दुष्काळी कामावर पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायला जात होती. नंतर नंतर टोपली उचलवेना तेव्हा तिला खडी फोडायला बसवलं. मी पाच वर्षांची होते, तिच्याबरोबर जायचे. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, ती थापताना तुटायची. दुपारी सुकडी मिळायची. आई तिच्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आणायची आणि संध्याकाळी मला द्यायची. ते खाताना मला जे गोड लागलं ते अजून जिभेवर आहे. ते कुणाच्या तोंडचं होतं हे मला फार उशिरा कळलं. भाऊ झाला तेव्हा सुईण म्हणाली होती, पोर मुठीएवढं आहे.

के.ई.एम.च्या मंडळींनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा जो अभ्यास चालवला, त्यात दिसलेल्या गोष्टी मी वाचल्या तेव्हा मला आई दिसली. आपली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण हाताच्या घेरात, स्नायूंत, पोटातल्या अवयवांत आपलं बाळ जेवढं मागे असतं तेवढं चरबीत मागे नसतं. बारीक, तरी चरबी राखून असलेलं बाळ. गरोदरपणी बी-१२ कमी पडलेल्या बायांचं प्रमाण तिथे फार मोठं होतं. बी-१२ कमी आणि फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) जास्त असलेल्या आयांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत जे पोटात होते, त्यांच्यात पन्नाशीत साखर पचवण्याची ताकद कमी आढळली, आणि ते तर गोरे लोक. तेव्हा 'भारतीय वंश म्हणजे मधुमेह' असं जे हल्ली सरसकट बोललं जातं तेही मला पटत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींबद्दल असंच बोलत, त्यांच्या रक्तातच आहे म्हणून. त्यांचेच भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहतात. २००६ मध्ये छापलेल्या तुलनेत ॲरिझोनात ३८ टक्के मधुमेही, मेक्सिकोत ६.९ टक्के. रक्त तेच, जगणं वेगळं.

माझ्या भावाचा मधुमेह दुष्काळाने झाला असं मी म्हणणार नाही, एका माणसाबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही. पण ज्या फॉर्मने माझ्या भाच्याला जात विचारली त्याने त्याचं जन्माच्या वेळचं वजन विचारलं नाही. आजीने गरोदरपणी काय खाल्लं ते विचारलं नाही. कंबर मोजायला सांगितली नाही. पन्नास रुपयांची टेप घरोघरी असते.

जातीच्या पानांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण घरात वाचली गेली ती हीच पानं. '६१ टक्के जवळीक अमुक समाजाशी' असं रंगीत वर्तुळ होतं. ते कुटुंबाच्या ग्रुपवर गेलं आणि दोन दिवस मूळ पुरुष कुठला यावर काका मंडळींची वादावादी झाली. मधुमेहाच्या पानाबद्दल एकानेही विचारलं नाही. याच पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी आयुष्य मोजमापांत घालवलं. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या ठेवणीतल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे हे दिसावं अशी गुरूंची अपेक्षा होती. बाईंनी मोजून लिहिलं की तसा संबंध दिसत नाही. पुढे इथेही त्यांनी मांडलं की एका नावाखाली येणाऱ्या जाती एकाच मुळातून फुटल्या असतील असं धरून चालता येत नाही. शंभर वर्षं होत आली. त्यांच्या गावात राहून आपण ६१ टक्क्यांवर भांडतोय, याचं मला वाईट वाटलं.

समाज विचारायलाच नको असंही मी म्हणत नाही. पिंपरीतल्या सिंधी कुटुंबातलं जोडपं लग्नाआधी आलं की आम्ही थॅलेसेमियासाठी एचबीए२ आवर्जून सुचवायचो. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आदिवासी भागातलं माणूस असेल तर सिकलसेल. तिथे एक जनुक, एक आजार आणि आपापसांतल्या लग्नांमुळे एकाच समाजात साठलेला दोष, असा सरळ हिशोब असतो. आणि सिकलसेलही वंशाचा नाही, मलेरियाच्या मुलखाचा आहे. आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, आपल्याकडे १९५२ मध्ये निलगिरीत सापडला. मधुमेहाला हा हिशोब लावला की फसायला होतं.

मग किट घ्यावं का? ज्यांच्या घरात थॅलेसेमियासारखा एका जनुकाचा आजार आहे त्यांनी सरळ रुग्णालयातल्या जनुकतज्ज्ञाकडे जावं, तिथली तपासणी नेमकी असते. औषधांची पानं मात्र मला उपयोगी वाटली. रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल काही लोकांच्या अंगी नीट लागू पडत नाही, त्यामागचा सीवायपी२सी१९ मधला बदल आपल्याकडे बराच आढळतो आणि भाच्यात त्याची एक प्रत निघाली. ते पान मी त्याच्या फाइलला लावलंय. दुसरा तारा त्याचा. मधुमेह-हृदयविकाराच्या वर्तुळांसाठी मात्र आज पैसे घालवू नका. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशभरच्या १०,००० लोकांचे जीनोम वाचून झालेत, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला. त्यातून इथल्या लोकांवर पारखलेली पट्टी तयार झाली आणि कुणी ती वापरून दाखवली, तर मी स्वतः पुन्हा कैरी चिरायला बसेन.

मी कंपनीला ईमेल लिहिली. त्यात एवढंच मागितलं की ४१व्या पानावरचं वाक्य पहिल्या पानावर आणा, आणि आई-वडिलांना मधुमेह असेल त्यांना हिरवं वर्तुळ देऊ नका. 'आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे' असं उत्तर अकरा दिवसांनी आलं. त्यानंतर काही नाही.

भाचा रोज ऑफिसमधून आल्यावर कर्वेनगरच्या टेकडीवर जातो, रात्रीचं जेवण आठच्या आत. बी-१२ तपासलं, तेही कमीच निघालं, गोळ्या चालू केल्या. ऑगस्टअखेर परत जांभळी ट्यूब भरली, ५.८. कंबर ८९. टेप गुंडाळून ठेवत होते तर खुर्चीत बसलेला भाऊ म्हणाला, "ताई, माझीपण मोज."